वाचकांचे प्रश्न : पेटीतले कागद, आराखडा आणि विचारणा

प्रश्न : स. न. वि. वि. माझे आजेसासरे बडोदे संस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांची पत्रे, हुकूम, जमाखर्चाच्या वह्या आणि काही फोटो असे सुमारे नऊशे कागद आमच्याकडे दोन पेट्यांत, रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतले निम्मे मोडीत आहेत. नातवाच्या मदतीने वर्षभरात बहुतेक कागद स्कॅन करून घेतले. आता घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आहे, परंतु आराखडा वर्डमध्ये, कागदांची यादी एक्सेलमध्ये आणि स्कॅन तिसऱ्याच फोल्डरात अशी फाटाफूट झाली आहे, आणि एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे राहून जाते. मुद्दे आणि उपमुद्दे मांडता येतील, 'अमक्या सालातली अमक्याची पत्रे दाखव' असे विचारता येईल आणि त्या मुद्द्यालाच स्कॅन जोडता येईल, असे एखादे सॉफ्टवेअर सुचवावे. माझ्याकडे आठ जीबी मेमरीचा विंडोज लॅपटॉप आहे. प्रोग्रॅमिंग मला येत नाही आणि दरवर्षी पैसे भरण्याची तयारी नाही.
– एक सेवानिवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण ज्या तीन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत, त्या एकाच प्रोग्रॅममध्ये सारख्याच चांगल्या क्वचित सापडतात, आणि त्याचे कारण समजून घेतले तर निवड सोपी होते. आराखडा म्हणजे उतरंड : प्रत्येक मुद्द्याला एकच जागा, त्याच्या पोटात उपमुद्दे. विचारणा, म्हणजे क्वेरी, तिचे याच्या अगदी उलट असते. तिला जागेशी कर्तव्य नसते, प्रत्येक नोंदीवर लिहिलेल्या खुणांशी असते. आपल्या गावातलेच उदाहरण द्यायचे तर १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची व्यवस्था त्याच्याकडे सोपवली. ज्यांनी जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात कार्डांचे खण ओढून पाहिले आहेत त्यांना आठवत असेल की पुस्तक कपाटात एकाच जागी असे, पण त्याची कार्डे लेखकाच्या, नावाच्या आणि विषयाच्या अशा वेगवेगळ्या खणांत असत. कपाट हा आपला आराखडा, खणांतली कार्डे ही विचारणा, आणि प्रत्यक्ष पुस्तक हे आपले स्कॅन. कपाट कितीही सुबक लावले तरी कार्डाचे काम ते करू शकत नाही.

ही जोडी संगणकावर आणण्याची धडपड जुनी आहे. १९८८ साली आलेल्या लोटस अजेंडा या प्रोग्रॅममध्ये माणूस सुचेल तसे टिपण लिही आणि त्याला वर्ग नंतर देई. पुढे एक्को प्रोने आराखड्याच्या प्रत्येक ओळीशेजारी रकाने दिले, आणि आपण जे वर्णन केले आहे त्याच्या सर्वांत जवळ जाणारा तो प्रोग्रॅम होता असे मला वाटते. परंतु १९९७ मध्ये त्याची निर्मिती थांबली. त्यावर वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवलेले लोक नव्या विंडोजवर तो कसाबसा चालवत राहिले, कारण बाहेर पडायची वाट सोपी नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर काय करू शकते हे पाहण्याआधी, ते बंद पडले तर आपल्या हातात काय उरेल हे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहाला माझाही एक अनुभव कारणीभूत आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी आईच्या पत्रांच्या नोंदी विंडोजवरच्या एका प्रोग्रॅममध्ये केल्या होत्या. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पत्रांचे फोटो प्रत्येक नोंदीला जोडता येत आणि ते सगळे त्या प्रोग्रॅमच्या एकाच मोठ्या फाइलीत साठत. नवा लॅपटॉप घेतल्यावर तो प्रोग्रॅम त्यावर चालेना. जुना लॅपटॉप दुरुस्त करून मजकूर बाहेर काढता आला, फोटो मात्र निघाले नाहीत; बाहेर आलेल्या मजकुरात त्यांच्या जागी फक्त फाइलींची नावे होती. मूळ पत्रे तोवर भावाच्या घरी गेली होती आणि त्यांतली काही पावसाळ्यात भिजून एकमेकांना चिकटली होती. ती आता वाचता येत नाहीत.

तेव्हा आधी जोडलेल्या फाइलींचा विचार करू. फाइल 'जोडणे' याचे तीन अर्थ आहेत आणि जाहिरातीत ते सांगितलेले नसतात. पहिल्या प्रकारात फाइल प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये गिळली जाते. सगळे एकत्र राहते, परंतु ती डेटाबेस फाइल फुगत जाते आणि बिघडली तर सगळेच जाते. दुसऱ्या प्रकारात फाइलीचा फक्त पत्ता नोंदवला जातो, आणि आपण फोल्डरचे नाव बदलले की दुवा तुटतो. तिसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम फाइलीची प्रत नोंदींच्या फोल्डरातच, साधी फाइल म्हणून ठेवतो. आपल्या कामाला हा तिसरा प्रकार योग्य आहे. प्रोग्रॅम उद्या नाहीसा झाला तरी फोल्डर उघडून चित्र पाहता येते.

आकाराचाही हिशेब करून ठेवावा. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला आणि कोणतेही आकुंचन न करता साठवला तर एका पानाला सुमारे २६ एमबी लागतात. नऊशे पाने म्हणजे २३ जीबीच्या वर. हे मूळ स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन प्रतींत ठेवावेत आणि आराखड्याला जोडण्यासाठी त्यांच्या आकुंचन केलेल्या, लहान जेपीईजी प्रती कराव्यात. वाचण्यासाठी त्या पुरेशा असतात. प्रत्येक फाइलीचे नाव रुमालाचा क्रमांक, त्यातल्या कागदाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक असे ठेवावे, आणि तोच क्रमांक मऊ पेन्सिलीने कागदाच्या मागच्या कोपऱ्यात लिहावा. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, हा क्रमांक बदलू नये.

आता विचारणेकडे वळू. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एका कागदावर आपल्याला खरोखर पडणारे पाच प्रश्न लिहून काढावेत. उदाहरणार्थ : संपूर्ण बडोदे राज्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, तर त्या वर्षापासून १९१० पर्यंत आजेसासऱ्यांना आलेल्या पत्रांपैकी शाळा तपासणीची पत्रे कोणती? मोडीतली कोणती पत्रे अजून वाचून व्हायची आहेत? पेटलादचा उल्लेख कुठे कुठे येतो? या प्रश्नांतूनच रकाने ठरतात. वरच्या तीन प्रश्नांना साल, कोणाकडून, कोणाला, गाव, विषय, लिपी आणि 'वाचून झाले का' एवढे रकाने पुरतात. पाच प्रश्नांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तराला न लागणारा रकाना ठेवू नये. नऊशे वेळा तो भरावा लागतो, आणि दोनशेव्या कागदाशी माणूस कंटाळून काम सोडतो.

सालाच्या बाबतीत मात्र दोन रकाने ठेवावेत, एक मूळ कागदावर जसे लिहिले आहे तसे आणि दुसरा इसवी सनातला. आपल्या पेट्यांत पत्रांवर शक आणि हिशेबाच्या वह्यांवर गुजराती पद्धतीचा कार्तिकी संवत असण्याचा संभव आहे. शके १८२९ च्या आषाढातले पत्र आणि संवत १९६३ च्या आषाढातला जमाखर्च हे दोन्ही १९०७ सालच्या एकाच महिन्यातले आहेत, पण आकडे पाहून तसे कोणाला वाटणार नाही. शकात ७८ मिळवायचे, आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतचा कागद इंग्रजी जानेवारी ते एप्रिलमध्ये पडत असेल तर ७९. कार्तिकी संवतातून ५६ वजा करायचे, आणि वर्षारंभीचे जे दिवस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतात त्यांच्यासाठी ५७. हे रूपांतर हाताने एकदाच करून ठेवले की विचारणा खरी उत्तरे देऊ लागते.

मराठी मजकुराच्या शोधात आणखी अडचणी येतात आणि त्यांबद्दल फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इसवी सालाचा रकाना भरताना अंक इंग्रजी वळणाचे टाइप करावेत, कारण बहुतेक प्रोग्रॅम देवनागरी अंकांना संख्या न समजता अक्षरे समजतात आणि मग '१९०६ ते १९१०' अशी विचारणा चालत नाही. रकान्यांची नावेही रोमन अक्षरांत ठेवणे सुरक्षित असते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी यांची गणना अक्षरांत न होता जोडचिन्हांत होते, आणि जो प्रोग्रॅम रकान्याच्या नावात फक्त अक्षरे आणि अंक स्वीकारतो तो आपल्या नावातल्या मात्राच काढून टाकू शकतो. रकान्यातला मजकूर मात्र खुशाल मराठीत असावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला काही मजकूर आपल्याकडे असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, अन्यथा पडद्यावर देवनागरी दिसले तरी संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरे असतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. आपली पत्रे १९६२ च्या नियमांच्या कितीतरी आधीची आहेत, त्यामुळे त्यांत 'नांव', 'कांहीं', 'बडोदें' अशी रूपे येणार, आणि 'नाव' असा शोध घेतला तर 'नांव' सापडणार नाही. पत्राची नक्कल मुळाबरहुकूमच करावी, अनुस्वारही गाळू नये. पण तिच्या वर दोन ओळींचा सारांश आजच्या लेखनात लिहावा, म्हणजे शोध त्या सारांशातून लागतो. मोडीसाठी तर याला पर्याय नाही. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान असले तरी हाताने लिहिलेली मोडी आपोआप वाचून देईल असे साधन या प्रोग्रॅमांत नाही. जेवढे आपण टाइप कराल तेवढेच सापडेल.

आता नावे. आपल्यासाठी माझी निवड ऑब्सिडियन ही आहे. २०२० पासून हा प्रोग्रॅम उपलब्ध आहे, विंडोजवर चालतो आणि वापरायला विनामूल्य आहे; निरनिराळ्या यंत्रांवर नोंदी जुळवून ठेवणारी त्यांची स्वतःची सेवा मात्र पैसे देऊन घ्यावी लागते, आणि ती आपल्याला लागणार नाही. प्रत्येक नोंद ही आपल्या फोल्डरातली एक साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडणारी. जोडलेले चित्र त्याच फोल्डरात साधी फाइल म्हणून पडते. नोंदीच्या डोक्यावर रकाने भरता येतात, आणि २०२५ मध्ये आलेल्या 'बेसेस' या सोयीमुळे त्या रकान्यांवरून गाळून तक्ता काढणे यादीतून निवड करत जमते, कोड लिहावा लागत नाही. एका कागदाला एक नोंद करावी, आणि ग्रंथाचा आराखडा एका वेगळ्या नोंदीत प्रकरणे व मुद्दे पाडून लिहावा; प्रत्येक मुद्द्यापुढे संबंधित कागदांचे दुवे द्यावेत. एकाच पत्राचा दुवा दोन प्रकरणांत देता येतो, त्यामुळे 'हे पत्र नोकरीत घालू की आत्याबाईंच्या लग्नात' हा पेच राहत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ऑब्सिडियन हा अस्सल आउटलायनर, म्हणजे खास आराखडा मांडण्यासाठीच केलेला प्रोग्रॅम, नव्हे. मुद्दे मिटवता आणि उलगडता येतात, परंतु मुद्दा पोटातल्या सगळ्या उपमुद्द्यांसह वरखाली सरकवण्याची सफाई हवी असेल तर वर एक जोडप्रोग्रॅम बसवावा लागतो. आपला आराखडा फार तर दीडदोनशे मुद्द्यांचा होईल आणि कागद नऊशे आहेत, म्हणून आपल्या बाबतीत आराखड्यातली ही उणीव सोसावी आणि कागदांची सुरक्षितता पदरात पाडून घ्यावी, असे मी ठरवले.

उतरंड हीच आपल्याला सर्वांत प्रिय असेल तर ट्रिलियम पाहावे. ते मुक्त आणि विनामूल्य आहे, नोंदींचे झाड त्यात फार सुरेख मांडता येते आणि एकच नोंद झाडाच्या दोन फांद्यांवर ठेवता येते. एकीकडे दुरुस्ती केली की ती दुसरीकडेही दिसते. विचारणा जपून ठेवता येतात. परंतु नोंदी आणि जोडलेल्या फाइली एकाच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये जातात, म्हणजे वर सांगितलेला पहिला प्रकार. ते स्वतःहून नियमित बॅकअप घेते आणि सगळे बाहेरही काढता येते, त्यामुळे माझ्यावर आला तसा प्रसंग सहसा येणार नाही, तरी मोठे स्कॅन त्यात घालू नयेत.

लॉगसेक हा खरा आउटलायनर आहे, त्यात प्रत्येक ओळीला रकाने देता येतात आणि ओळींवर विचारणा करता येते. मात्र अवघड विचारणा लिहायला त्याची भाषा शिकावी लागते. शिवाय साध्या फाइलींवरून डेटाबेसवर आधारलेल्या आवृत्तीकडे जाण्याचे काम त्याच्या कर्त्यांनी हाती घेतलेले असल्याने नवीन माणसाने आज त्यावर नऊशे कागद ठेवावेत असे मी म्हणणार नाही. ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममधील ऑर्ग-मोड २००३ पासून आहे आणि आपल्या तिन्ही मागण्या ते साध्या मजकुराच्या फाइलींवर पूर्ण करते, पण ते शिकण्यात आपले सहा महिने जातील आणि इतिहास तसाच राहील. टिंडरबॉक्स फक्त मॅकवर चालते. वर्कफ्लोई मुद्दे मांडायला अतिशय सुटसुटीत आहे, परंतु सालाच्या रकान्यावरून गाळण्याचे काम त्याचे नव्हे.

निर्णय पक्का करण्यापूर्वी पंचवीस कागदांवर पंधरा दिवस प्रयोग करावा. त्यांत मोडीतले दहा, हिशेबाची काही पाने आणि एखादा फोटो असावा, म्हणजे रकाने सगळ्यांना पुरतात की नाही ते कळते. मग आपले पाचही प्रश्न विचारून पाहावेत. शेवटी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन, जिथे ऑब्सिडियन नाही अशा शेजारच्या संगणकावर उघडावा आणि एक नोंद व तिचे स्कॅन मिळते का ते नातवाला न विचारता स्वतः पाहावे. ते जमले तर उरलेले कागद घ्यायला हरकत नाही. एक्सेलमधली यादी वाया जात नाही; प्रत्येक ओळीची एक नोंद करून देणारी साधने मिळतात, आणि तेवढे काम नातू एका संध्याकाळी करू शकेल.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थी असून माझ्याकडे सुमारे चारशे लेखांच्या पीडीएफ आहेत. त्या झोटेरोमध्ये आहेत. प्रबंधाचा आराखडा करताना त्या पुन्हा आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाव्यात का?
– एक वाचक, सयाजीगंज, बडोदे

उत्तर : जोडू नयेत. झोटेरो २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले ते संदर्भ सांभाळण्यासाठीच, आणि लेखक, साल, विषय यांवरून शोध जपून ठेवण्याची सोय त्यात आहे. तेथील ३०० एमबीची विनामूल्य मर्यादा त्यांच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्यापुरती आहे. आपल्या संगणकावर कितीही पीडीएफ ठेवता येतात. आराखड्याच्या मुद्द्याला फक्त झोटेरोतल्या नोंदीचा दुवा आणि पान क्रमांक द्यावा. एकच पीडीएफ दोन ठिकाणी असली की एका प्रतीवर खुणा केल्या जातात आणि प्रबंध लिहिताना दुसरीच प्रत उघडली जाते.

प्रश्न : आमच्या कुटुंबाची कागदपत्रे पुण्यातले चुलतभाऊ आणि आम्ही मिळून लावणार आहोत. दोघांनाही एकाच वेळी लिहिता यावे म्हणून नोशन हे इंटरनेटवरचे नोंदींचे सॉफ्टवेअर घ्यावे का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : दोन गावांतून एकाच तक्त्यात लिहिणे हे नोशनचे खरे बळ आहे आणि त्याचे तक्ते व गाळण्या शिकायला सोप्या आहेत. विनामूल्य योजनेत मात्र एका फाइलीला ५ एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे लहान केलेल्या प्रतीच जोडाव्या लागतील. सगळे त्यांच्या सर्व्हरवर राहते हेही दोन्ही घरांनी समजून घ्यावे, विशेषतः कागदांत जमिनीची किंवा वाटणीची पत्रे असतील तर. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांपैकी एकाने सगळे एक्सपोर्ट करावे. तक्ते सीएसव्हीमध्ये (म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यांच्या फाइलींत) आणि मजकूर साध्या फाइलींत मिळतो.

ऑब्सिडियनचा फोल्डर गूगल ड्राइव्हवर ठेवून दोघांनी वापरणे शक्य आहे, परंतु दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली तर तिच्या दोन प्रती होतात आणि त्या हाताने जुळवाव्या लागतात. तो मार्ग धरलात तर रुमाल वाटून घ्यावेत : एक ते दहा बडोद्याने, पुढचे पुण्याने, आणि दुसऱ्याच्या रुमालात चूक दिसली तर ती न सुधारता फोन करून कळवावी.